बियाण्याचा निकाल

सुमनबाई रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या शाळेच्या छपरावर होत्या. नेमणुकीचा कागद पर्समध्ये घालून मी अमरावतीहून निघाले होते. पांढरकवड्याहून सुटलेल्या एसटीने मला फाट्यावर उतरवले आणि तिथून जांभुळदऱ्यापर्यंत तीन किलोमीटर मी नव्या चपलांनी चालत आले. शाळेच्या अंगणात सहावी-सातवीची मुले-मुली शिडीपर्यंत रांगेत उभी राहून हातोहात कवेलू, म्हणजे छपराची कौले, वर पोहोचवत होती. वर पदर खोचलेल्या, जाड चष्म्याच्या, पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई कवेलू बसवत होत्या. मी मुख्याध्यापिका कुठे भेटतील असे विचारले. मुले हसली. वरून आवाज आला, "नवीन मॅडम का? पाणी प्या आधी. मग त्या रांगेत शेवटी उभ्या राहा, तिथे एक हात कमी पडतोय."

मी उभी राहिले. शिक्षणसेविका म्हणून माझे पहिले काम ते. त्यानंतर बाई निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षे मी त्या रांगेतच होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते. बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, सहकाऱ्यांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आहे. त्यात मला लिहायला सांगितले, हा माझा सन्मान आहे. पण बाईंबद्दल मोठे मोठे शब्द वापरले तर त्या चष्म्यावरून पाहतील आणि विचारतील, "झालं काय ते सांगा ना." म्हणून जे झाले तेच सांगते.

ती कापसाची वाईट वर्षे होती. आमच्या झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या आतल्या अंगाला, गावे लहान आणि शेते पावसावरची. दुकानातले महाग बियाणे लावायचे, ते उगवेल की नाही याची धाकधूक, उगवले तर अळीची, अळीतून वाचले तर भावाची. घरात मोठी माणसे जे बोलत ते मुलांच्या कानावर पडे आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत येई. मधल्या सुट्टीत मुली सागरगोटे खेळता खेळता बियाण्यांच्या वाणांवर बोलत. मला तेव्हा त्यातले काही कळत नसे.

बाईंचे म्हणणे साधे होते. घर इतक्या काळजीत असेल तर शाळेने घराच्या काही उपयोगी पडले पाहिजे. नाहीतर मुलांनी शाळेत यायचे कशाला? त्यामुळे आमच्याकडचे प्रकल्प जगावेगळे असत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी पहिल्या वर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी न्यायचा प्रस्ताव मांडला. बाईंनी तो शांतपणे ऐकला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे कुठे आहे ज्वालामुखी?"

"नाही, बाई. पण मुलांना आवडतो."

"मला पण आवडतो. पण तो पेटला तर आपण काय करणार आहोत?"

ज्वालामुखी राहिला. त्या वर्षी मुलांनी पानांची वही केली. आसपासच्या जंगलातल्या झाडांची पाने वाळवून चिकटवायची आणि प्रत्येकाखाली मराठी, कोलामी आणि बंजारा मुलांच्या गोर बोलीतले नाव लिहायचे. वही तपासायला बाईंनी केंद्रावरच्या कुणा साहेबांना बोलावले नाही. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, एका आजींना बोलावले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि हातात लाल पेन्सिल दिली. आजींना अक्षर येत नव्हते, पण पान येत होते. त्या एकेक पान बोटाने चाचपत गेल्या आणि अकराव्या पानावर थांबल्या.

"हे कोणं लावलं?"

"मी," बाई म्हणाल्या. ते पान त्यांनी स्वतः आणलेले होते.

"चुकलं तुमचं. हे ते झाड नोहे." आणि आजींनी लाल पेन्सिलीने त्यावर भली मोठी फुली मारली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई मुलांपेक्षा जास्त हसत होत्या.

बाईंच्या शाळेत एक नियम होता, तो इथे सांगून ठेवते. प्रत्येक प्रकल्पाची वही असे आणि त्यात डाव्या पानावर 'काय करायचे होते' आणि उजव्या पानावर 'आम्ही काय केले' असे लिहायचे. उजवे पान डाव्यासारखे दिसलेच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. उलट ते अगदी सारखे दिसले तर बाईंना संशय येई. "इतकं सगळं बरोबर? म्हणजे कोणीतरी बघून लिहिलं."

या नियमाचा पहिला फटका मलाच बसला. मला सायकल येत नव्हती. तेवीस वर्षांची बाई, सायकल येत नाही, आणि फाट्यावरून रोज तीन किलोमीटर पायपीट. बाईंनी हे सातवीतल्या चार मुलींच्या हवाली केले. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत रोज शाळा सुटल्यावर माझी शिकवणी सुरू झाली. पंधरा दिवसांनी मुलींनी वही आणून दिली. मुखपृष्ठावर लिहिले होते : 'प्रकल्प - मॅडमला सायकल शिकवणे'. आत उजव्या पानावर रोजची नोंद. 'आज मॅडम चार वेळा पडल्या. एकदा गोठ्यात. आज मॅडमने ब्रेक दाबायच्या ऐवजी आम्हाला हाक मारली.' बाईंनी ती वही परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचायला लावली, आणि ती वाचायचे काम मला दिले. मी रडवेली झाले होते. पण तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर मलाच हसू आवरेना. त्या दिवसापासून मुले माझ्याकडे मोकळेपणाने येऊ लागली. बाईंनी हे ठरवून केले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

त्यांच्या स्वभावातला एक कठोर भागही सांगायला हवा. त्या दिवसांत बाहेरगावाहून माणसे येत. कुणी लिहायला, कुणी फोटो काढायला, कुणी मदत वाटायला. एकदा गाडीतून चौघे उतरले आणि ज्यांच्या घरातला कर्ता माणूस गेला आहे अशी मुले बाजूला काढून उभी करा, असे म्हणाले. आमच्याकडे तशी दोन मुले होती. बाईंनी पाहुण्यांना बसवले. पाणी दिले. मग सातवीचा अख्खा वर्ग आत आणला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सगळी मुलं आहेत. यांनी गावातल्या विहिरींचं पाणी मोजलंय, ते ऐका." बावीस मुलांनी आळीपाळीने विहिरी सांगितल्या. पाहुण्यांनी दीड तास ऐकले. त्यांना शेवटपर्यंत कळले नाही की ती दोन मुले कोणती. त्यातला एक तर सगळ्यांत मोठ्याने बोलत होता.

हे बळ बाईंकडे कुठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांचे वडील शेतमजूर. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन ते नागपूरहून गावी परतले आणि पहिल्याच आठवड्यात सात वर्षांच्या सुमनला शाळेत घालून आले. बाई एकदा भाकरी खाता खाता मला म्हणाल्या होत्या, "आमच्या मास्तरांनी पहिल्या वर्षी मला एक गणित चुकीचं शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. तर ते आमच्या वस्तीत आले, आमच्या दारात उभे राहिले आणि माझ्या बापाला म्हणाले, पोरीला मी काल चूक सांगितलं. तोवर आमच्या दारात असं काही सांगायला कोणी आलं नव्हतं." एवढेच बोलून त्यांनी लोणच्याची फोड माझ्या ताटात सरकवली. त्या बोलण्याचा अर्थ मला पुढच्या उन्हाळ्यात कळला.

आता बियाण्याच्या निकालाकडे येते. बाईंना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ही प्रथा ठाऊक आहे, पण हा ग्रंथ दूरचे लोकही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपते आणि एक मेला निकाल लागतो. मधले दिवस शाळा रिकामी असते. त्या दिवसांत आमच्या शाळेत बियाण्याची परीक्षा असे. कापसाने मार दिल्यावर बऱ्याच घरांनी थोड्या शेतात घरचे सोयाबीन, घरची तूर पेरायला सुरुवात केली होती. घरचे बियाणे उगवेल की नाही, हे पेरण्याआधी कळले तर केवढे काम होते! प्रत्येक घरातून मूठ-दोन मूठ बियाणे शाळेत येई. दोन मुलांची जोडी त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडी, गोणपाटाची वळकटी करून सावलीत ठेवी आणि त्यावर रोज पाणी शिंपडी. आठवड्याभराने वळकटी उलगडायची आणि कोंब मोजायचे. तेच बियाणे दुसरी एक जोडी वेगळ्या गोणपाटात लावी. दोन्हींचा आकडा जुळला तरच निकाल. एक मेला झेंडावंदन झाले की आधी मुलांचे निकाल वाचले जात आणि मग बियाण्याचे. खरे सांगायचे तर गाव दुसऱ्या निकालासाठी थांबलेले असे.

माझ्या दुसऱ्या वर्षी बाईंनी ही सगळी जबाबदारी माझ्याकडे दिली. बहुतेक बियाणी वेळेवर आली, लागली. एक मात्र उशिरा आले. सारिका आत्राम ही पोडावरची सातवीतली मुलगी; तिची आई जिजाबाई मोहफुले वेचायला जंगलात जात होती, म्हणून बियाणे चार दिवस उशिरा आले. जिजाबाईंनी त्या वर्षी कापसाची अर्धी जमीन सोयाबीनखाली आणायचे ठरवले होते. आदल्या साली दुकानातले कापसाचे बियाणे त्यांच्या शेतात विरळच उगवले होते. घरी सोयाबीनचे एक पोते राखून ठेवलेले होते. तेवढ्यावर त्यांची सोयाबीनची सगळी पेरणी होती.

एक मे जवळ आला होता. चार दिवस कसे भरून काढायचे? मला एक युक्ती सुचली. घरी उसळीसाठी मटकी आपण रात्रभर भिजवतो, दुसऱ्या दिवशी तिला झटकन मोड येतात. मी सारिकेला म्हटले, "आज दाणे पाण्यात टाकून ठेव, उद्या गोणपाटात लाव. लवकर उगवतील." दुसरी जोडी लावायची होती, पण ती दोन्ही मुले आईबापांबरोबर जंगलात गेलेली. म्हटले, एकच पुरे.

सोयाबीन म्हणजे मटकी नव्हे. त्याची साल नाजूक. रात्रभर पाण्यात राहिली की ती फुगते, फाटते आणि दाणा गोणपाटात कुजतो. हे जांभुळदऱ्यातल्या कुठल्याही आजीने सांगितले असते. मी कुणाला विचारले नाही. एक मेला सगळ्या गावासमोर सारिकेने आपल्याच आईच्या बियाण्याचा निकाल वाचला. शंभरात एकवीस. जिजाबाई मागे, लिंबाच्या सावलीत उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई प्रकल्पाच्या वह्या तपासत बसल्या होत्या. मी बॅग भरून ठेवली होती. सकाळच्या गाडीने मला सुट्टीसाठी घरी जायचे होते. बाईंनी मला हाक मारली आणि सारिकेच्या वहीचे उजवे पान पुढे केले. सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'मॅडमने सांगितले म्हणून आम्ही बियाणे रात्रभर पाण्यात भिजवले.'

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "ते बियाणं चांगलं असेल किंवा वाईट असेल. आपल्याला माहीत नाही. पण आपण माहीत आहे असं सांगून बसलोय."

"बाई, आपण आज पुन्हा लावू. आठवड्याने..."

"परवा बाजार आहे. जिजाबाई पोतं विकून टाकेल. उगवत नाही म्हटल्यावर ठेवेल कशाला? आणि एकदा ते गेलं की तिला पुन्हा दुकानातलंच घ्यावं लागेल." त्या उठल्या, चपला घातल्या. "मी शाळेच्या वतीनं बोलणार आहे. तुम्ही बोलायचं की नाही, ते तुम्ही वाटेत ठरवा."

मे महिन्यातले चारचे ऊन. पोड दोन किलोमीटरवर. बाई छत्री घेऊन पुढे, मी मागे. वाटेत त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते असे मला वाटत होते. मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती. शिक्षणसेवकाची तीन वर्षे नीट गेली तरच कायम करतात. आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती जिजाबाईंच्या चेहऱ्याची.

पोते ओसरीवर आणून ठेवलेले होते. तोंड सुतळीने शिवून झालेले. जिजाबाई अंगणात मोहफुले पसरत होत्या. शेजारचे म्हातारे दादाजी खाटेवर बसलेले. आम्हाला पाहून जिजाबाई उभ्या राहिल्या.

"काय झालं बाई? पोरीनं काही केलं काय?"

"नाही. पोरीनं बरोबर केलं. आमी चुकलो," बाई म्हणाल्या. मुलांशी प्रमाण भाषेत बोलणाऱ्या बाई गावात वऱ्हाडीत बोलत. "तुमच्या बियान्याची परीक्षा शाळेनं बरोबर नाही घेतली. ते पोतं विकू नका."

"मंग चांगलं हाये का बियाणं?"

"ते अजून मले माहीत नाही."

जिजाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. "अजबच तऱ्हा हाये तुमची. काल सांगतलं खराब हाये. आज म्हनता माहीत नाही. उद्या काय सांगान?"

दादाजी खाटेवरून म्हणाले, "अवं, पोरं नापास झाली का फेरपरीक्षा असते. आता सोयाबीनचीबी हाये म्हना!"

"तुमी चूप बसा ना दादाजी," जिजाबाई कडाडल्या. "पेरनी तुमची हाये का माही?"

मला वाटेत काही ठरवता आले नव्हते. पण सारिका दारात उभी होती आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. खाली मातीकडे पाहत होती, जणू चूक तिचीच. ते मला सहन झाले नाही. मी म्हटले, "जिजाबाई, मी भिजवायला सांगितलं होतं. मटकीसारखं. सारिकेनं माझं ऐकलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "रातभर?"

"हो."

"सोयाबीन?"

"हो."

"अगं माय!" आणि त्या खरोखर कपाळावर हात मारून घेऊन हसल्या. दादाजीही हसू लागले. मला हसता येईना, रडताही येईना. मग जिजाबाईंचे हसणे हळूहळू ओसरले. त्या ओसरीच्या कडेवर बसल्या आणि बाईंना म्हणाल्या, "मागच्या साली दुकानातलं बियानं निंघालं नाही. तवा आमी किती चकरा मारल्या. कोनी म्हनते पानी कमी झालं, कोनी म्हनते तुमची जमीन खराब. चुकलो असं नाही म्हनलं कोनी. अन् तुमी या उन्हाच्या चुकलो म्हनून सांगाले आल्या." त्यांनी सारिकेला पाणी आणायची खूण केली. "बसा. पानी घ्या. पोतं ठेवतो मी आठ दिवस. पन या बारीनं दाने मी सोता मोजीन."

"तुमीच मोजा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी मी सोडली. बाईंनी मला थांबा म्हटले नव्हते. मी थांबते म्हटल्यावर त्यांनी फक्त माझ्यासाठी आणखी दोन भाकऱ्या थापल्या. त्या आठवड्यात मी त्यांच्याच घरी राहिले. रोज सकाळी आम्ही पोडावर जात असू. जिजाबाईंच्या घरात, त्यांच्याच पोत्यातले दाणे, त्यांच्याच हाताने कोरडे मोजून दोन गोणपाटांत लावलेले होते. एक वळकटी सारिकेची, दुसरी जिजाबाईंची. पाणी कोण जास्त शिंपडते यावरून मायलेकींत रोज भांडण होई. "तुह्या मॅडमनं बुडवलं, आता तू बुडव," असे जिजाबाई माझ्यादेखत म्हणत आणि मग मला चहा देत.

आठव्या दिवशी वळकट्या उलगडल्या. सारिकेने एकेक ओळ मोजली, जिजाबाईंनी तिच्या मागून बोट ठेवत पुन्हा मोजली. पहिल्या ओळीत नऊ कोंब. दुसरीत आठ. तिसरीत आठ. पाचव्या ओळीला जिजाबाईंचा आवाज चढला. दहावी ओळ संपली तेव्हा त्यांना बेरीज सांगायची गरज उरली नव्हती. दुसरी वळकटीही तशीच निघाली. त्यांनी पोत्यावर थाप मारली आणि ते एकटीने उचलून आत नेऊन ठेवले. आम्ही हात लावू का म्हणून विचारले, तर नको म्हणाल्या.

मला वाटले, संपले. बाईंच्या दृष्टीने अर्धेच झाले होते. "निकाल गावासमोर वाचला होता ना? मग चूकही गावासमोरच," त्या म्हणाल्या. त्यांनी वर्गातला फळा काढून शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, हापशीकडे जाणाऱ्या वाटेवर, टांगला आणि स्वतःच्या हाताने लिहिले : 'जिजाबाई आत्राम यांच्या बियाण्याचा निकाल शाळेने चुकीचा दिला होता. कारण : सोयाबीन रात्रभर भिजवले व दुसरी जोडी लावली नाही. खरा निकाल : बियाणे पेरण्याजोगे आहे.'

मी म्हटले, "बाई, माझं नाव लिहा. शाळेचं कशाला?"

"फळा शाळेचा आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला एकट्यांना काम देऊन मी बघायला आले नाही, ते कोणाच्या नावावर लिहू?"

तो फळा उन्हाळाभर तिथे होता. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी केंद्रप्रमुख आले, उभ्याउभ्या वाचत राहिले.

"हे काय आहे, बाई?"

"चूक आहे, साहेब. आमची."

"मग पुसा ना."

"पोडावरचे काहीजण अजून जंगलातून आले नाहीत. त्यांचं वाचून झालं की पुसते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. त्यांनी वहीत काय लिहिले ते मला कळले नाही, पण माझी तीन वर्षे नीट पूर्ण झाली. जिजाबाईंच्या शेतात त्या वर्षी सोयाबीन उगवले. जुलैमध्ये बाई सातवीचा वर्ग घेऊन तिकडे गेल्या आणि मुलांना बांधावर उभे करून ओळी मोजायला लावल्या. जिजाबाई लांबून ओरडल्या, "मोजा, मोजा! पन पाय ठेवू नका मंधात!"

पण मला जे सांगायचे आहे ते त्याच्या पुढच्या एप्रिलचे. माझी खात्री होती की आता कुणी शाळेत बियाणे आणणार नाही. निदान पोडावरून तरी नाही. पहिल्याच दिवशी दादाजी काठी टेकत आले. धोतराच्या सोग्यात तुरीचे दाणे बांधलेले होते. ते टेबलासमोर उभे राहिले, गाठ सोडली नाही.

"बाई, तुमच्या इथं चुकते ना कधी कधी?"

"चुकते," बाई म्हणाल्या.

"मंग सांगान ना घरी येऊन?"

"सांगू."

"तं घ्या," म्हणत दादाजींनी गाठ सोडली. त्यांच्यामागे पोडावरची आणखी सात घरे उभी होती, जी त्याआधी कधी आली नव्हती. त्या वर्षी आम्हाला गोणपाट कमी पडले.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. त्या दिवशीही मुलांकडून विहिरींचे पाणी मोजून घेतले. आता त्या पांढरकवड्याला मुलाकडे असतात. गुडघे दुखतात, वाचायला भिंग लागते. पण घराजवळच्या शाळेतली मुले संध्याकाळी वह्या घेऊन येतात आणि बाई उजवे पान आधी वाचतात. सारिका शेती करते, तिची मुलगी पाचवीत आहे. या ग्रंथासाठी लिहितेस का, असे मी तिला विचारले तर म्हणाली, "मॅडम, मी लिहिलं तं तुमचंच नाव येईन त्यात." मी म्हटले, येऊ दे.

मी आज दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून अनेक चुका झाल्या. कुणाला चुकीचा दाखला दिला, कुणा मुलावर नको तो आळ घेतला, कुणाच्या आईला चारचौघांत बोलले. दर वेळी मी बाईंना फोन करते. त्या सगळे ऐकून घेतात. धीर देत नाहीत, दोषही देत नाहीत. फक्त विचारतात, "त्यांच्या घरी जाऊन सांगितलं का?" आणि नाही म्हटले की म्हणतात, "मग जाऊन या, नंतर बोलू."

बाईंचे गुडघे बरे राहोत, डोळ्यांना भिंगापलीकडचेही दिसत राहो, आणि त्यांना शंभर वर्षांचे सुखाचे, निरोगी आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. यात आमचा स्वार्थ आहे, हे कबूल करते. आम्हाला अजून पुष्कळ वर्षे शिकवायचे आहे, म्हणजे पुष्कळ वेळा चुकायचे आहे, आणि प्रत्येक वेळी पलीकडून तो एक प्रश्न विचारणारा आवाज आम्हाला हवा आहे.

परवाच माझ्याकडून सहावीतल्या एका मुलीचे नाव सहलीच्या यादीतून गळले. यादी वाचून ती घरी निघून गेली. उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी मी तिच्या घरी जाणार आहे. बाईंना फोन मी तिथून परतल्यावर करीन.